गाडीच्या चार्जिंगसाठी घेतलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्याच्या जागी आलेला पॉइंट

वडोदऱ्याच्या कारेलीबागेत आमचे जुने टेनामेंट, म्हणजे रांगेतले स्वतंत्र घर, आहे आणि २०२३ च्या डिसेंबरपासून त्याच्या पोर्चमध्ये इलेक्ट्रिक गाडी उभी राहते. माझी नोकरी हालोलला असल्यामुळे येऊन-जाऊन रोज सुमारे ८० किलोमीटर होतात, म्हणजे रोज रात्री दहा-बारा युनिट वीज गाडीत भरावी लागते. गाडीबरोबर मिळालेला १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर त्यासाठी पुरेसा आहे आणि त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती भिंतीतला पॉवर पॉइंट आणि हा चार्जर यांच्यामध्ये मी साडेचार महिने जो एक्स्टेन्शन बोर्ड वापरला त्याबद्दल. तो का टाकून द्यावा लागला, त्याच्या जागी मे २०२४ मध्ये कोणते काम करून घेतले, त्या कामात काय चांगले झाले आणि काय अजून मनासारखे नाही, हे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्याच रांगेतल्या तीन घरांच्या खिडक्यांतून अशाच वायरी बाहेर आलेल्या मला रोज दिसतात.

बोर्ड रावपुऱ्यातल्या एका दुकानातून ९५० रुपयांना घेतला होता. सात मीटर पांढरी वायर, एका टोकाला तीन पिनांचा मोठा टॉप (प्लग), दुसऱ्या टोकाला चार सॉकेट, एक लाल स्विच आणि एक फ्यूज असा तो होता, आणि खोक्यावर ‘१६ अँपिअर, २५० व्होल्ट’ असे ठळक छापलेले होते. गाडीसाठी हवा आहे, असे मी दुकानदाराला स्पष्ट सांगितले होते. “सोळाचा आहे ना ताई, मग गीझरही चालतो आणि गाडीही चालते,” असे उत्तर मिळाले आणि त्या वेळी ते मला पटलेही. गीझर आणि गाडी यांना एकाच मापाने मोजणे हीच खरी चूक होती, हे समजायला मला चार महिने लागले.

घरातली जड म्हणवणारी उपकरणे प्रत्यक्षात किती वेळ पूर्ण भार ओढतात, हे पाहण्यासारखे आहे. एक किलोवॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेते आणि तीही थर्मोस्टॅटमुळे मधूनमधून बंद होत राहते. दोन किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, पण पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापून तो थांबतो. आमची गाडी मात्र १४ अँपिअर घेते, आणि ते रोज साधारण चार तास, तर शनिवारी रात्री बॅटरी पूर्ण भरायची असेल तेव्हा सात-आठ तास, एका क्षणाचाही खंड न पडता. तापलेल्या जोडाला निवायला वेळच मिळत नाही. खोक्यावरचा सोळाचा आकडा खरा असेलही, पण रोज रात्री इतके तास आणि तेही वडोदऱ्याच्या एप्रिलमध्ये, जेव्हा रात्री दहा वाजताही पोर्चची भिंत हाताला गरम लागते, तेव्हा तो आकडा टिकेल असे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेले नव्हते.

जोड तापण्याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टॉपची पिन आणि सॉकेटची पितळी पकड यांच्यामध्ये समजा एक दशांश ओहम इतकाच रोध निर्माण झाला, तर पाच अँपिअरला तिथे अडीच वॅट उष्णता तयार होते, जी हवेत सहज निघून जाते. त्याच जागी १४ अँपिअर गेले की ती सुमारे २० वॅट होते. रेडिओ दुरुस्तीचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, आणि जवळजवळ तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत, बंद प्लास्टिकमध्ये, चार ते आठ तास कोंडलेली राहते. उष्णतेने पकडीचा ताण सैल होतो, पितळेवर काजळी धरते, रोध आणखी वाढतो आणि दुसऱ्या दिवशी तोच जोड आदल्या दिवसापेक्षा जास्त तापतो. म्हणूनच असा बोर्ड पहिल्या आठवड्यात काहीच दाखवत नाही, आणि ‘आमचा तर दोन महिने मस्त चाललाय’ या अनुभवाला सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही.

आमच्याकडे दिवाणखान्यातल्या पॉवर पॉइंटमध्ये बोर्डाचा टॉप होता, वायर खिडकीच्या फटीतून पोर्चमध्ये जात होती, आणि खिडकी सरकवली की तिची कड त्याच एका ठिकाणी वायरीवर दाबून बसत असे. सात मीटरपैकी चार मीटरच लागत होते, म्हणून उरलेले तीन मीटर मी नीटनेटके गुंडाळून, सुतळीने बांधून बोर्डाशेजारी ठेवत असे. चार्जरचा डबा सॉकेटमधून स्वतःच्याच वजनाने खाली लोंबत होता. या तीनही गोष्टी मी रोज पाहत होते, आणि तिन्हींपैकी एकीतही मला काही वावगे वाटले नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री अकराच्या सुमारास दिवाणखान्यात जळक्या प्लास्टिकचा, काहीसा गोडसर वास आला. आईंना वाटले गॅसवर काही राहिले. मी पॉवर पॉइंटकडे हात नेला, तर टॉपपासून चार बोटे दूर असतानाच धग लागली. त्या क्षणी टॉप ओढून काढण्याची इच्छा होते, पण १४ अँपिअर चालू असताना पिना ओढल्या तर ठिणगी उडते आणि वितळलेले प्लास्टिक हाताला चिकटू शकते, म्हणून मी आधी मेन बोर्डावरची त्या खोलीची एमसीबी, म्हणजे ठरावीकपेक्षा जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, पाडली आणि टॉप अर्ध्या तासाने, निवल्यावर काढला. फेजच्या पिनेभोवती सॉकेटचा पांढरा चेहरा तपकिरी होऊन किंचित आत बसला होता. न्यूट्रल आणि अर्थची भोके मात्र नवीन असल्यासारखी कोरी होती.

दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारातले आमच्या माहेरचे जुने वायरमन काका आले आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो टॉप माझ्यासमोर उघडला. आत जे दिसले, ते पाहून बोर्डाबद्दलचे माझे मत कायमचे ठरले. फेजची तार पितळी पिनेच्या मानेत एका स्क्रूखाली दाबलेली होती. तिच्या बारीक तारांची टोके कारखान्यात कथिल लावून एकत्र केलेली होती. कथिल मऊ असते, स्क्रूच्या दाबाखाली आणि उष्णतेने ते हळूहळू पसरते, आणि स्क्रू न हलताच त्याची पकड ढिली होते. काकांनी तार चिमटीत धरून हलकेच ओढली, तर ती स्क्रू न सोडवताच बाहेर आली. बाजूच्या दोन इंचांवरचे लाल इन्सुलेशन काळपट आणि इतके कडक झाले होते की वाकवल्यावर त्याचे कवच तुटून कागदावर पडले. तारेची जाडी त्यांनी नुसत्या नजरेने सांगितली: “ही एकची वायर आहे, ताई. दीडचीसुद्धा नाही.” म्हणजे एक चौरस मिलिमीटर. वायरीच्या आवरणावर आयएसआयची खूण, जाडी किंवा बनवणाऱ्याचे नाव यांपैकी काहीही छापलेले नव्हते. चांगल्या वायरीवर हे सगळे ठरावीक अंतराने छापलेले असते, आणि दुकानात बोर्ड हातात घेतल्यावर खोक्याऐवजी आधी हीच छपाई वाचायला हवी होती.

मी विचारले, “काका, एमसीबी का पडली नाही? ती सोळाचीच आहे.”

“एमसीबीला फक्त किती करंट गेला ते कळतं. तो कुठं जळतोय ते तिला कळत नाही. ती सोळाची, गेले चौदाच, मग ती कशाला पडेल?”

याहून नेमके उत्तर मी कुठे वाचलेले नाही. गळती पकडणारी आरसीसीबीसुद्धा अशा वेळी गप्पच राहते, कारण फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परत येत असतो आणि जमिनीत काहीच उतरत नसते. ढिल्या जोडाविरुद्ध घरातली ही दोन्ही रक्षणे आंधळी आहेत. जोड मुळात कमी ठेवणे आणि जे ठेवायचे ते घट्ट ठेवणे एवढेच आपल्या हातात राहते, आणि एक्स्टेन्शन बोर्ड नेमका जोडांची संख्या वाढवतो. बोर्ड नसता तर चार्जरचा टॉप आणि भिंतीतले सॉकेट असा एकच बाहेरचा जोड असता. बोर्ड आल्यावर भिंतीतले सॉकेट, बोर्डाच्या टॉपमधले स्क्रू, बोर्डातला स्विच, फ्यूजची पकड, आतले डाग दिलेले सांधे आणि बोर्डाचे सॉकेट इतक्या जागा वाढल्या, आणि प्रत्येक जागेतून तेच १४ अँपिअर जात होते.

वायरीचाही हिशोब काकांच्या शेजारी बसूनच मांडला. एक चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध एका किलोमीटरला साडेएकोणीस ओहमच्या जवळपास असतो. सात मीटरच्या बोर्डात प्रवाह जाऊन-येऊन चौदा मीटर फिरतो, म्हणजे पाव ओहमपेक्षा थोडा जास्त रोध, आणि १४ अँपिअरला त्यात ५० वॅटहून अधिक वीज नुसती उष्णता होऊन जाते. तेवढ्याच लांबीची चारची वायर असती तर हा आकडा १४ वॅटच्या आत राहिला असता. मोकळ्या पसरलेल्या वायरीतून ५० वॅट हवेत निघून जातात, पण मी तीन मीटर सुतळीने बांधून ठेवले होते, आणि त्या गुंडाळीतल्या मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. गुंडाळी सोडली तेव्हा मधले वेढे एकमेकांना चिकटलेले निघाले. लग्नमंडपात वापरतात तसले वायरीचे ड्रम गाडीसाठी मागून आणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे: ड्रमवर गुंडाळलेल्या अवस्थेत तो पूर्ण भार पेलू शकत नाही, पूर्ण उलगडल्यावरच काय तो पेलतो.

मग जाड वायरीचा, भारी किमतीचा एक्स्टेन्शन घेतला तर चालेल का, हा प्रश्न मला घरी, ऑफिसात आणि सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांनी विचारला. मीही त्याच विचारात होते, कारण चारच्या वायरीचा, एकाच सॉकेटचा, रबरी आवरणाचा एक्स्टेन्शन बनवून घ्यायला अडीच-तीन हजारांत भागले असते आणि भिंत फोडावी लागली नसती. तो विचार दोन कारणांनी सोडला. पहिले कारण असे की काही चार्जरच्या टॉपमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, आमच्याही आहे, आणि सॉकेट तापले की तो प्रवाह कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. एक्स्टेन्शन मध्ये आला की हा सेन्सर बोर्डाच्या सॉकेटपाशी राहतो आणि भिंतीतल्या जुन्या पॉइंटवर, जिथे आमचे खरोखर जळले, तिथे कुणाचेच लक्ष राहत नाही. वायर कितीही जाड असली तरी हे बदलत नाही. दुसरे कारण नियमाचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा नियमांत दुरुस्ती करून चार्जिंग केंद्रांसाठी जी कलमे घातली, त्यांत पुरवठा वायरीला जोड म्हणून एक्स्टेन्शन वापरू नये, हलते सॉकेट वापरू नये, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे आणि उभ्या गाडीचा जोड चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ही कलमे केंद्रांसाठी आहेत, घरच्या पोर्चसाठी नाहीत, पण ज्या कारणांनी ती केली ती कारणे घरीही तशीच लागू पडतात, आणि घरी तर रात्री देखरेखीला कुणी जागे नसते.

सोळा अँपिअरचा जाड पिनांचा टॉप सहा अँपिअरच्या बारीक भोकांच्या सॉकेटमध्ये बसवून देणारा तो छोटा कन्व्हर्टर मात्र गाडीसाठी कुणी चुकूनही वापरू नये. सोळाच्या टॉपची पिन सुमारे सात मिलिमीटर जाड असते आणि सहाची सुमारे पाच. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे जड भाराचे उपकरण हलक्या लाईनवर लावताच येऊ नये. कन्व्हर्टर ती अडचण दूर करत नाही, ती आपल्या भल्यासाठी घातलेली आडकाठीच काढून टाकतो. देशोदेशीच्या पिना घेणारी ‘युनिव्हर्सल’ सॉकेटेही मी याच रांगेत बसवते. सगळ्यांना जागा देणारी पकड एकालाही घट्ट धरत नाही.

आता अर्थिंगबद्दल, कारण आमच्या घरात सर्वांत धोकादायक गोष्ट तीच निघाली. मार्चपासून चार्जरच्या डब्यावर अधूनमधून लाल दिवा लागायचा आणि चार्जिंग सुरूच व्हायचे नाही. तेव्हा बोलावलेल्या एका दुसऱ्या वायरमनने दोन मिनिटांत उपाय सांगितला होता: बोर्डाच्या आत न्यूट्रलमधून एक छोटी तार अर्थच्या पिनेला जोडायची, म्हणजे डब्याला अर्थ मिळाल्यासारखे वाटते आणि दिवा हिरवा होतो. आमच्या ओळखीत दोन घरी असे केलेलेही आहे. मी कळकळीने सांगते की हे करू नका, आणि केले असेल तर आजच काढून टाका. अशा जोडणीत गाडीचा पत्रा थेट न्यूट्रलला बांधला जातो. मागे कुठेही न्यूट्रल तुटला, मग तो आपल्या मेन स्विचमध्ये असो की खांबावर, तर तोच पत्रा २३० व्होल्टवर येतो. गाडी रबरी टायरांवर उभी असल्यामुळे तो प्रवाह जमिनीत उतरत नाही, पत्र्यावर तसाच वाट पाहत राहतो, आणि अंगण धुताना अनवाणी पायाने दाराला हात लावणाऱ्या माणसातून उतरतो. चार्जरचा लाल दिवा हा अडथळा नव्हता. त्या घरात चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आमचे अर्थिंग तपासत होते.

काकांनी मागोवा घेतला तेव्हा असे निघाले की घराचे अर्थिंग मुळात नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेले होते, आणि काही वर्षांपूर्वी नळ बदलताना त्या पाइपचा मोठा भाग जाऊन प्लास्टिकचा आला होता. जमिनीत लोखंडाचा हातभर तुकडा उरला होता. पावसाळ्यात माती ओली असताना तो कसाबसा काम करत असे, आणि मार्चमध्ये माती सुकली की नाही. आधी मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात चार्जिंग चालू असताना ११ व्होल्ट दिसत होते. बागेच्या कोपऱ्यात नवीन पाइप अर्थिंग केल्यावर तेच माप दोन व्होल्टांच्या आत आले, आणि लाल दिवा त्यानंतर एकदाही लागलेला नाही.

मुख्य काम दोन दिवसांत झाले. मीटरपाशी असलेल्या मेन बोर्डापासून पोर्चपर्यंत गाडीसाठी वेगळी लाईन टाकली, मध्ये एकही जोड नाही, चौदा मीटर, तांब्याची चारची वायर, बाहेरून जाड कंड्युट पाइपमध्ये. दिवाणखान्यातली जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली. ॲल्युमिनियमच्या टोकांवर ऑक्साइडचा थर धरतो आणि स्क्रूखाली ते सैल पडते, त्यामुळे तिच्यावर गाडी चालवण्याचा प्रश्नच उरला नाही. मेन बोर्डात २० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर गळतीवर पडणारा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी या दोघींचे काम एकत्र करणारा स्विच, बसवला, आणि इथे मला थोडा आग्रह धरावा लागला. दुकानातून आधी एसी प्रकारचा आला होता, ज्याच्यावर नुसती एक नागमोडी रेघ असते. गाडीच्या चार्जरमधली गळती नेहमीच शुद्ध एसी नसते, म्हणून नागमोडी रेघेखाली अर्ध्या लाटांची खूण असलेला ए प्रकारचा हवा, असे सांगून तो बदलून घेतला. फरक सातशे रुपयांचा पडला आणि एक दिवस थांबावे लागले. त्याच आठवड्यात मध्य गुजरात वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्जही दिला, कारण एअर कंडिशनर, गीझर आणि गाडी एकदम चालू झाल्यावर जुना तीन किलोवॅटचा भार पुरणार नव्हता.

सॉकेटच्या निवडीवर काकांचे आणि माझे थोडे बिनसले. त्यांच्या मते निळे इंडस्ट्रियल सॉकेट लावून चार्जरचा टॉप कापावा आणि त्याला जुळणारा निळा टॉप बसवावा. पकडीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, ते सॉकेट अशा सततच्या भारासाठीच बनलेले असते. पण टॉप कापला की त्यातला तापमानाचा सेन्सर जातो आणि चार्जरची वॉरंटीही अडचणीत येते, म्हणून मी नाही म्हटले. शेवटी एकाच तीन पिनांच्या टॉपसाठी असलेले, चांगल्या कंपनीचे १६ अँपिअरचे सॉकेट, लोखंडी डब्यात, वर पावसाचे झाकण लावून बसवले. वायरीच्या टोकांना कथिल नाही, दाबून बसवलेली धातूची टोपणे (लग) आहेत. डबा जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे, आणि त्याच्या शेजारी चार्जर टांगण्यासाठी जाड खुंटी मारली आहे, जेणेकरून त्याचा भार पिनांवर येऊ नये. ही खुंटी चाळीस रुपयांची आहे आणि माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी खर्च तोच.

एकूण खर्च अर्थिंग धरून १४,२०० रुपये झाला. त्यात अर्थिंगचे साडेचार हजार कसेही करायलाच हवे होते.

या कामाची परीक्षा आम्ही न मागता झाली. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या पोर्चमध्येही ते गुडघ्यापर्यंत चढले. आदल्या रात्रीच आरसीबीओ बंद केला होता आणि गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवली होती. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची जी रेघ उरली ती सॉकेटच्या डब्यापासून जवळजवळ तीन फूट खाली होती.  काकांनी येऊन इन्सुलेशन मेगरने तपासल्यावरच लाईन पुन्हा चालू केली.

उणिवा दोन आहेत. टॉप लावलेला असताना पावसाचे झाकण पूर्ण बंद होत नाही, तिरका पाऊस आला की वरच्या फटीतून थेंब आत जातील अशी भीती वाटते, आणि त्यासाठी जास्त खोलीचा डबा आधीच निवडायला हवा होता. दुसरी उणीव म्हणजे आरसीबीओ मेन बोर्डात, म्हणजे घरात आहे. पोर्चमध्ये उभे राहून लाईन एका हाताने तोडता येत नाही, त्यासाठी आत जावे लागते. सॉकेटच्या डब्यातच एक आयसोलेटर हवा होता, आणि तो आता पुढच्या कामात बसवणार आहे. काकांच्या कामाला मी पाचपैकी साडेचार देईन. एक्स्टेन्शन बोर्डाला टेबल फॅन, ड्रिल किंवा गणपतीतल्या दिव्यांच्या माळा यांसाठी तीन, आणि गाडीसाठी शून्य.

चार्जिंग थांबवायचे झाले तर आता आधी गाडीकडून थांबवते, मग स्विच, आणि टॉप सर्वांत शेवटी काढते. महिन्यातून एकदा आरसीबीओचे चाचणीचे बटण दाबते. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की टॉपला हाताची पालथी बाजू लावून पाहते, तो कोमट लागतो, हात सहज टेकवता येतो. परवा वर्ष पूर्ण झाले म्हणून काकांनी लाईन बंद करून सॉकेटचा डबा उघडला. पिनेजवळचे इन्सुलेशन पहिल्या दिवशी होते तसेच चकचकीत लाल होते. फेजचा स्क्रू मात्र पाव फेरा आत बसला. “दर वर्षी उघडायचा,” असे म्हणून त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहिली.